भटकं कुत्रं अंगणात शिरतं तेव्हा

फाटक आधी उघडा. भटकं कुत्रं कंपाउंडच्या आत आलेलं असतं, आपला कुत्रा एका कोपऱ्यात भुंकत असतो आणि घरातले सगळे काठी शोधायला धावतात. या गडबडीत फाटक बंदच राहतं. ज्या फटीतून कुत्रं आत आलं ती त्याला घाबरल्यावर सापडत नाही. समोर माणसं, मागे भिंत, बाजूला दुसरा कुत्रा असं झालं की साधं भित्रं कुत्रंसुद्धा चावतं. त्यामुळे हाकलण्याआधी जायची वाट मोकळी करायची. फाटक पूर्ण उघडून आपण फाटकाच्या विरुद्ध बाजूला उभं राहायचं, म्हणजे ते आपल्यापासून लांब पळेल आणि तो रस्ता थेट बाहेर जाईल.

दुसरं काम आपल्या प्राण्याला आत घेण्याचं. तो मोकळा असेल तर हाक मारून घरात बोलवा आणि दार लावून घ्या. त्याच्या मागे धावू नका. मालक धावत येतोय म्हणजे आता दोघं मिळून लढायचं, असं कुत्र्याला वाटतं आणि तो पुढे सरकतो. हा आत येण्याचा शब्द आधीच शिकवून ठेवावा लागतो. ‘घरात’ किंवा ‘आत’ असा एकच शब्द ठरवा, रोज जेवणाच्या वेळी अंगणातून तो उच्चारून बोलवा आणि आल्यावर लगेच ताटली पुढे ठेवा. काही आठवड्यांत तो शब्द अंगवळणी पडतो. रागावून हाक मारायची सवय असेल, तर ऐन वेळी तो येत नाही.

छोट्या कुत्र्याला, म्हणजे पग, पॉमेरेनियन किंवा शित्झूला, झटकन उचलून डोक्यावर धरण्याचा मोह होतो. वर धरलेल्या प्राण्याकडे बाहेरचं कुत्रं उडी मारतं आणि दात आपल्या दंडात रुततात. उचलायचंच असेल तर छातीशी घट्ट धरून भटक्या कुत्र्याकडे कुशी करा आणि सावकाश दाराकडे चला. पाठ फिरवून पळू नका आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका.

हाकलताना आवाज आणि पाणी या दोनच गोष्टी भरवशाच्या. स्टीलचं ताट उलथन्याने बडवा, बादलीभर पाणी किंवा नळीची धार त्याच्या तोंडाकडे मारा, छत्री त्याच्या समोर फट्कन उघडा. ‘हाड हाड’ म्हणत दगड उचलायला वाकलं की गल्लीतली कुत्री पळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उघड्या रस्त्यावर ते चालतं. बंद अंगणात दहा फुटांवर वाकलात, तर आपला चेहरा त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. काठी हातात असावी, पण ती जमिनीवर आपटायला आणि मधे आडवी धरायला. काठीने मारलं की कुत्रं काठीलाच चावतं, आणि मग पुढची चाव काठीच्या मुठीला, म्हणजे हाताला.

समोरचं कुत्रं कशासाठी आलंय हे त्याच्या अंगाकडे पाहून बरंच कळतं. शेपूट पायांत घालून, अंग मागे झुकवून भुंकणारं कुत्रं घाबरलेलं असतं, वाट दिली की जातं. शेपूट ताठ, तोंड मिटलेलं, अंग लाकडासारखं आणि नजर आपल्या प्राण्यावर खिळलेली, असं गप्प उभं असलेलं कुत्रं जास्त धोक्याचं. भुंकण्याच्या आवाजाला लोक घाबरतात, खरं घाबरायला हवं ते या गप्पपणाला.

दोन कुत्री जुंपली तर

गळपट्टा धरून ओढायचं नाही, हात मधे घालायचा नाही. घरच्या कुत्र्याच्या भांडणात माणसाला होणाऱ्या बऱ्याच जखमा आपल्याच कुत्र्याच्या दातांनी होतात, कारण त्या क्षणी तो जे तोंडासमोर येईल ते चावतो. पाण्याची जोरदार धार दोघांच्या तोंडावर आणि नाकावर मारा. पाणी हाताशी नसेल तर जाड गोधडी किंवा सतरंजी दोघांच्या डोक्यांवर टाका. दिसेनासं झालं की पकड बऱ्याचदा सैल होते. त्या क्षणी मधे काहीतरी सपाट आणि मोठं सरकवा: प्लायवूडचा तुकडा, प्लास्टिकची खुर्ची, पाट, घमेलं.

मागचे दोन्ही पाय उचलून मागे ओढण्याची पद्धत श्वान-प्रशिक्षक वापरतात. दोन पाळीव कुत्री असतील आणि दोघांकडे एकेक माणूस असेल तर ती उपयोगी पडते. भटक्या कुत्र्यावर ती करू नका. त्याला रेबीजची लस झालीय की नाही हे माहीत नसतं आणि पाय सुटला की ते सरळ वळून चावतं.

पकड सुटत नसेल तेव्हा ओढाताण करू नये. ओढल्याने कातडी फाटते, दात मात्र निघत नाहीत.

चावल्यानंतर

भांडण सुटल्यावर आपला कुत्रा शेपूट हलवत येतो, अंगावर एक-दोन बारीक भोकं दिसतात, आणि ‘फार लागलं नाही’ म्हणून विषय संपतो. चूक होते ती इथे. कुत्र्याचा सुळा आत जातो आणि डोकं झटकलं जातं. वरची कातडी सैल असल्याने भोक बारीकच राहतं, आतला स्नायू मात्र कातडीपासून सुटलेला असतो. पाठीला धरून झटकलेल्या लहान कुत्र्याच्या फासळ्या, फुप्फुसं किंवा पोट दुखावलेलं असू शकतं आणि बाहेरून रक्ताचा थेंबही नसतो. त्यामुळे केस दोन्ही हातांनी विंचरत मान, काखा, मांड्यांच्या आतली बाजू आणि पोट तपासा. ओठ वर करून हिरड्या पाहा. त्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसत असतील, श्वास उथळ आणि भरभर असेल, किंवा पोट फुगत असेल, तर आतून रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा जखम धुण्यात वेळ न घालवता निघा. एरवीही चावल्याच्या दिवशीच पशुवैद्याला दाखवा. उशीर झाला की दोन-तीन दिवसांत तिथे पू धरतो, आणि पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडायला वेळ लागत नाही.

तोवर घरी करायच्या गोष्टी थोड्याच. हातमोजे घाला, नसतील तर हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा, कारण आपल्या कुत्र्याच्या केसांवर त्या भटक्या कुत्र्याची लाळ असते. दुखत असेल तर स्वतःचा कुत्राही चावतो, म्हणून ओढणीची सैल गाठ तोंडाभोवती बांधता येते. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर तोंड बांधू नये. हातापायांवरच्या, वरवरच्या जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुतलं की काम दोन मिनिटांत उरकलं जातं. छाती-पोटावरच्या खोल भोकात पाण्याची धार सोडू नका, तिथे ओलं स्वच्छ फडकं ठेवून दवाखाना गाठा. रक्त वाहत असेल तर फडकं पाच मिनिटं दाबून धरा आणि मधे मधे उचलून बघू नका. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतलं काहीही जखमेत भरायचं नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर दगावतं आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

रेबीजच्या लसीचं गणित असं. आपल्या कुत्र्याला वेळेवर वार्षिक लस झालेली असली, तरी चावा झाल्यावर बूस्टर लागतो, किती ते डॉक्टर ठरवतात. लस झालेलीच नसेल, तर चाव्यानंतर सहसा 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी अशी पाच इंजेक्शनं देतात. यातला 0 म्हणजे पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस. मांजरालाही हेच लागू आहे, आणि मांजराची लस बहुतेक घरांत राहूनच गेलेली असते.

माणसाला ओरखडा आला, दात लागले किंवा जखमेवर लाळ लागली, तर त्याचंही तेच: 15 मिनिटं साबण-पाणी, वर पोव्हिडोन आयोडीन, आणि त्याच दिवशी लस. दंडात स्नायूत घ्यायची असेल तर 0, 3, 7, 14, 28, आणि कातडीत देण्याची पद्धत असेल तर 0, 3, 7, 28. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं. लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात आणि तेवढा काळ हे इंजेक्शन विषाणूला अडवतं. हा भाग वगळला जातो, म्हणून दवाखान्यात स्वतःहून विचारा. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते.

चावणारं कुत्रं ओळखीचं असेल, तर त्याच्यावर दहा दिवस लांबून लक्ष ठेवा. रेबीजचा विषाणू लाळेत आलेला असेल तर ते कुत्रं त्या मुदतीत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, आणि पुढची इंजेक्शनं थांबवायची का हे डॉक्टर सांगतात. मात्र या दहा दिवसांची वाट बघत पहिली लस लांबवायची नाही. कुत्रं नाहीसं झालं, तर पूर्ण कोर्स घ्यायचा.

‘पाणी प्यायलं म्हणजे पिसाळलेलं नाही’ ही समजूत अजून सर्वत्र आहे. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. रेबीज झालेलं कुत्रं पाण्याजवळ जातं, कधी कधी पितंही. बघायचं ते वेगळं: जबडा लोंबणं, लाळ गळणं, भुंकण्याचा आवाज घोगरा होणं, मागचे पाय लटपटणं, लाकूड-दगड-साखळी असं काहीही चावत सुटणं. आणखी एक रूप शांत असतं. कुत्रं अंगणाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली किंवा लाकडांच्या ढिगामागे गप्प बसून राहतं आणि लोक दया येऊन जवळ जातात. अशा कुत्र्याला हात लावायचा नाही. सगळ्यांना आत घ्या आणि पालिकेला कळवा.

ते परत का येतं

एकदा हाकललेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हजर होत असेल, तर त्याला तिथे काहीतरी मिळतंय. चार गोष्टी तपासा: खाणं, पाणी, आडोसा आणि मादी.

मादीपासून सुरुवात करू, कारण तिच्याकडे लोकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं. नसबंदी न केलेली कुत्री साधारण सहा-सहा महिन्यांनी माजावर येते आणि हा काळ जवळजवळ तीन आठवडे चालतो. त्या वासाने लांबून नर येतात, कुंपणं ओलांडतात, आपापसांत भांडतात आणि मधे येणाऱ्या घरच्या नरालाही फाडतात. त्या तीन आठवड्यांत तिला अंगणात एकटी दोन मिनिटंही सोडू नये, शी-शूसाठीही पट्टा लावूनच न्यावं. गल्लीतल्या कुत्र्यांचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो. भाद्रपदातल्या कुत्र्यांवरून आपल्याकडे बोलणी आहेत ती उगीच नाहीत. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या आसपास पिल्लं होतात. त्या दिवसांत अंगणात शिरून अंगावर येणारी कुत्री बहुधा जवळपास व्यालेली असते. पिल्लं आपल्याच वाळूच्या ढिगात किंवा पडवीखाली असतील, तर ती हलवायला जाऊ नका. पाच-सहा आठवड्यांत पिल्लं स्वतः फिरू लागतात आणि आईचं अंगावर येणं कमी होतं. तेवढे दिवस आपल्या कुत्र्याला दुसऱ्या दाराने बाहेर काढा.

खाण्याचं सोपं आहे, पण शिस्त लागते. घरच्या कुत्र्याची ताटली 15–20 मिनिटांनी उचला, उरलेलं असो वा नसो. ओल्या कचऱ्याच्या बादलीला कडीचं झाकण हवं, आणि गाडी सकाळी येणार असेल तर पिशवी रात्री फाटकाबाहेर ठेवू नये. कंपोस्टच्या खड्ड्यात माशाची डोकी आणि चिकनची हाडं घातली की सगळ्या आळीला आमंत्रण गेलंच. गल्लीत कोणी कुत्र्यांना खायला घालत असेल तर जागा आपल्या फाटकासमोरची नसावी, एवढं बोलून ठरवता येतं. कुत्र्यांनी मुतून खूण केलेल्या खांबांवर साबणाचं पाणी आणि मग निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून धुवा. फिनेल ओतू नका, ते मांजराच्या पायांना लागून चाटलं जातं आणि विषारी ठरतं.

कुंपण

आता फटीकडे. सकाळच्या उजेडात कंपाउंडची आतून एक फेरी मारा आणि गुडघ्यांवर बसून बघा, कारण कुत्र्याची वाट त्या उंचीवरून दिसते. जिथून ते ये-जा करतं तिथे जमीन गुळगुळीत झालेली असते आणि तारेला, पत्र्याला केस अडकलेले असतात.

फाटकाखाली आडवी चार बोटं जाण्याएवढी, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर, जागा असेल तर ठीक. वीतभर असेल तर गावठी कुत्रं अंग चपटं करून आत येतं, आणि खाली माती असेल तर उकरून आणखी जागा करतं. फाटकाखाली सिमेंटचा उंबरा घालणं हा कायमचा उपाय. तो जमत नसेल तर वेल्डरकडून खालच्या पट्टीला लोखंडी अँगल जोडून घ्या. फाटकाच्या गजांमधलं अंतर तीन इंचांहून जास्त असेल तर तळापासून दोन फुटांपर्यंत वेल्डमेश, म्हणजे जाड तारांची चौकोनी जाळी, लावा. कोंबड्यांची षटकोनी जाळी वापरू नका, ती कुत्रं दातांनी उकलतं.

चेनलिंकचं, म्हणजे विणलेल्या तारेच्या जाळीचं, कुंपण खालून उचकटतं. जाळी जमिनीत फूटभर पुरा. खणणं शक्य नसेल तर दीड-दोन फूट रुंदीची जाळी कुंपणाच्या तळाशी जोडून बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरा आणि वर माती-दगड टाका. कुत्रं कुंपणाच्या अगदी कडेला उकरतं, तिथे पायांखाली जाळी लागली की सोडून देतं. मागे सरकून उकरावं हे सहसा त्याला सुचत नाही.

चार फुटांची भिंत तरुण कुत्र्याला सहज जमते. पाच फुटांची गुळगुळीत भिंत बहुतेकांना अडवते, पण भिंतीला लागून चिऱ्यांचा ढीग, पाण्याची टाकी किंवा पार्क केलेली स्कूटर असेल तर ती पाच फुटांची उरतच नाही. कोकणातल्या दगडी गडग्याचं तर काम वेगळंच. तो तीन-चार फुटांचा, वर चढायला हव्या तेवढ्या खाचा. त्याच्यावर दरवर्षी करवंदी-बाभळीच्या काट्या घालायची जुनी रीत स्वस्त आहे आणि उपयोगी आहे, फक्त काट्या पावसात कुजतात, म्हणून पावसाळ्यानंतर पुन्हा घालाव्या लागतात. भिंतीवर काचा लावू नका. त्यांनी आपलंच मांजर कापतं.

पाणी जायचं भोक हमखास विसरलं जातं. मोरीचं किंवा पावसाचं पाणी बाहेर जायला भिंतीत ठेवलेलं फूटभर भोक हा कुत्र्यांचा हक्काचा दरवाजा असतो. तिथे तीन-तीन इंचांवर उभे गज बसवा. आडवे बसवले तर पालापाचोळा अडकून अंगणात पाणी तुंबतं.

मांजर असेल तर त्याला पळायला उंची हवी. अंगणात पाच-सहा फुटांवर एक फळी आणि तिथवर जायला खडबडीत खांब एवढं पुरे. कुत्रा मात्र साखळीने बांधून ठेवू नका, निदान राखण नसताना तरी. बांधलेल्या कुत्र्याला मागे सरता येत नाही, आणि दोन-तीन भटकी कुत्री आली तर तो निव्वळ मार खातो. जुन्नर, नाशिक, कोकणपट्टी अशा बिबट्याच्या भागात तर बांधलेला कुत्रा रात्री अंगणात असणं म्हणजे बिबट्याला घरापर्यंत आणणं. रात्री घरात घ्या, किंवा वरूनही बंद असलेल्या पिंजऱ्यात.

न चालणारे उपाय

नीळ किंवा कुंकवाच्या पाण्याच्या बाटल्या फाटकावर टांगलेल्या महाराष्ट्रभर दिसतात. नवीन वस्तू म्हणून कुत्रं एक-दोन दिवस बिचकतं, मग तिच्याच शेजारी झोपतं. डांबराच्या गोळ्या आपला कुत्रा खाऊ शकतो, आणि त्या विषारी आहेत. तिखटाने डोळे जळतात ते आधी आपल्या प्राण्याचे. अल्ट्रासोनिक यंत्र घरच्या कुत्र्यालाही ऐकू येतं. हालचालीने पेटणारा दिवा त्यातल्या त्यात बरा, तोही फट बुजवलेली असेल तरच.

विष घालणं, हा विचार जिथे जिथे बोलून दाखवला जातो तिथे तो बंद करावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणे कोणत्याही प्राण्याला मारणं, विष देणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विष घातलेला मटणाचा तुकडा शेजारच्या पाळीव कुत्र्याच्या तोंडीही जातो.

पालिका काय करते आणि काय करत नाही

‘उचलून लांब सोडा’ ही मागणी पालिकेकडून सहसा पूर्ण होत नाही, कारण प्राणी जन्मनियंत्रण नियम 2023 नुसार कुत्रं पकडून, नसबंदी आणि रेबीजची लस करून पुन्हा त्याच भागात सोडायचं असतं. त्यामागे कारण आहे. जागा रिकामी झाली की तिथलं खाणं खायला शेजारची, लस न झालेली कुत्री येतात. उलट नसबंदी झालेला ओळखीचा कळप बाहेरच्यांना आत येऊ देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली, मात्र पिसाळलेलं, तसा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं परत सोडू नये असं सांगितलं. शिवाय रस्त्यावर कुठेही खायला घालण्याऐवजी त्यासाठी जागा ठरवून द्यायला सांगितलं.

म्हणून तक्रार ‘कुत्र्यांचा त्रास आहे’ अशी करू नका, तिचं काही होत नाही. अर्जात हे लिहा: कुत्र्याचा रंग, नर की मादी, कानाला खाच आहे की नाही (खाच असेल तर नसबंदी झालेली आहे), येण्याची वेळ, कोणत्या तारखेला कोणाच्या प्राण्याला किंवा माणसाला चावलं, पशुवैद्याच्या किंवा रुग्णालयाच्या कागदाची प्रत, आणि फोटो. चावा झाला असेल तर ‘आक्रमक कुत्रं, निरीक्षणाखाली ठेवण्यासाठी’ असे शब्द वापरा. कानाला खाच नसेल तर नसबंदीसाठी वेगळी विनंती त्याच अर्जात करा. दोन-चार घरांच्या सह्या असल्या की गाडी लवकर येते. गावात हा अर्ज ग्रामपंचायतीकडे द्यायचा आणि एक प्रत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. पोच घ्यायला विसरू नका, आणि गाडी येईल त्या सकाळी कुत्र्यांना खायला घालणाऱ्या माणसाला बोलावून ठेवा. त्याच्या हाताशी कुत्री येतात, पकडणाऱ्यांना बघून मात्र सगळी पसार होतात.